चावीवाले अण्णा पाण्यात उतरले

सोलापुरात नळाला पाणी येतं म्हणजे कुणीतरी ते सोडलेलं असतं. आमच्या भागात ते सोडायचं काम बसलिंगप्पा करायचे. रस्त्याच्या कडेला जमिनीत चौकोनी खड्डा, त्यावर लोखंडी झाकण, आत व्हॉल्व्ह. झाकण उचलायचं, पाच फुटी लोखंडी चावी आत उतरवायची, वरची आडवी मूठ दोन्ही हातांनी धरायची आणि ठरलेले आटे फिरवायचे. काम एवढंच. पण चार दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या गावात हे काम करणारा माणूस देवाच्या जरा खाली आणि नगरसेवकाच्या बराच वर असतो.

मी गुरुराज. रिक्षा चालवतो. बसलिंगप्पांच्या समोरच्या घरात राहतो, त्यामुळं इथं सांगतोय ते बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. उरलेलं शांतम्मांनी सांगितलेलं. शांतम्मा म्हणजे त्यांची बायको.

सगळे त्यांना अण्णा म्हणत. वय छप्पन्न, अंगानं भरलेले, कपाळाला विभूती, आवाज असा की एका टोकाला बोलले तर दुसऱ्या टोकाला हंडे मांडायला सुरुवात व्हायची. गल्लीत लग्न ठरलं की पहिली पत्रिका सिद्धेश्वराला आणि दुसरी अण्णांना. बायका विचारायच्या, "अण्णा, आज किती वाजता येईल?" अण्णा आभाळाकडं बघून म्हणायचे, "वरनंच प्रेशर न्हाय." वर म्हणजे टाकीत की कैलासात, हे कुणी कधी विचारलं नाही.

माणूस वाईट नव्हता. कुणाकडं हात पसरला नाही, कुणाचं घेतलं नाही. त्यांना फक्त मान लागायचा, आणि मिळालेला मान लगेच आट्यांत उमटायचा. ज्या बोळात नमस्कार नीट व्हायचा, तिथं पूर्ण बारा आटे. जिथं लोक मोबाइलात बघत बसायचे, तिथं दहा. ईरम्मांच्या बोळाला आठ.

ईरम्मांची गोष्ट अशी. त्या विधवा बाई, शेवटच्या बोळात राहायच्या. मुलाच्या लग्नात गर्दी फार झाली आणि अण्णांना दुसऱ्या पंगतीला बसावं लागलं. पानात हुग्गी आली ती पातेल्याच्या तळाची, करपलेली. हुग्गी म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, आणि करपलेली हुग्गी म्हणजे आमच्याकडचा अपमान. अण्णांनी ती निमूट खाल्ली, आहेराचा नारळ घेतला आणि दुसऱ्या पाळीपासून त्या बोळाचे चार आटे कमी केले. सहा वर्षं ईरम्मांचा नळ करंगळीएवढी धार देत राहिला. शेवटी त्या कंटाळल्या आणि कुंभारी गावाच्या पुढं आपल्या शेतातच राहायला गेल्या. अण्णांच्या मते प्रश्न सुटला.

गेल्या वर्षी जानेवारीत, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरून आठवडा झाला होता. अण्णा मोटारसायकलवरून निघाले होते. चावी नेहमीसारखी आडवी बांधलेली, एक टोक दीड फूट बाहेर. चौकाच्या वळणावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. त्याच्या बांबूत चावीचं टोक अडकलं. गाडी पुढं गेली, अण्णा मागं राहिले आणि डोकं दुभाजकावर आपटलं. फ्लेक्स त्यांच्या अंगावर आला. खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे बारीक बारीक फोटो होते, त्यांत डावीकडून चौथा फोटो अण्णांचाच होता.

हेल्मेट त्यांच्याकडं होतं. शांतम्मा त्यात लसूण ठेवायच्या, हवा खेळती राहते म्हणून.

डोक्यात डाव्या बाजूला रक्त साकळलं होतं. ऑपरेशन झालं. अकरा दिवस ते काचेच्या खोलीत होते. बाहेर आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय त्यांचे नव्हते, आणि एवढ्या मोठ्या आवाजातून एकच शब्द निघत होता. "न्हाय."

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या बोलण्याच्या भागाला मार लागला की कधी कधी सगळ्यात सवयीचा शब्द तेवढा शिल्लक राहतो. शांतम्मांनी मान हलवली. "बरोबर हाय. तीस वर्षं हाच शब्द वापरला त्यांनी."

चहा देऊ? न्हाय. दुखतंय? न्हाय. मला ओळखलं का? न्हाय, आणि डोळ्यांतून पाणी. आत सगळं कळत होतं. तोंडाशी येईपर्यंत त्याचं न्हाय होत होतं.

घरी आणल्यावर भेटायला रांग लागली. पहिल्या दोन आठवड्यांत केळी इतकी आली की शांतम्मा माझ्या रिक्षातून ती देवळात पाठवायच्या. जो येईल तो उपाय घेऊन यायचा. कुणी म्हणालं, कुर्डुवाडीजवळ एक मालिशवाला आहे, तीन मंगळवारांत माणूस पळायला लागतो. कुणी कबुतराचं मटण खायला सांगितलं. लिंगायताच्या घरात कबुतर सांगणाऱ्याला शांतम्मांनी पाणीही विचारलं नाही. एक जण म्हणाला, अण्णांच्या हातात चावी द्या, बोटं आपोआप वळतील. दिली. ती त्यांच्या डाव्या पायावर पडली. एक बरा पाय होता, तोही चार दिवस सुजला.

मग अण्णांच्या जागी खात्यानं युवराज नावाच्या माणसाला कायमचं नेमलं. तिशीचा, अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. ही बातमी सोमवारी आली. मंगळवारपासून केळी बंद झाली. गल्लीतले लोक कृतघ्न नव्हते, पण त्यांच्याकडं केळी मोजकीच होती आणि ती आता युवराजच्या घरी जाऊ लागली.

त्याच महिन्यात शांतम्मांना पहिल्यांदा कळलं की पाण्याची वाट बघावी लागते. तोपर्यंत त्यांच्या नळाला पाणी त्यांच्या सोयीनं यायचं. त्या मला म्हणाल्या, "गुरुराज, लोक एवढा वेळ नळाजवळ बसून करतात तरी काय?" मी म्हणालो, "अव्वा, तुमच्या घरच्या माणसाला शिव्या देत्यात."

अण्णांच्या घरी व्यायाम घ्यायला अपेक्षा मॅडम यायच्या. करमाळ्याच्या. फिजिओथेरपी शिकून सोलापुरात दवाखाना काढलेल्या. वय सत्तावीस, बोलणं कमी, हट्ट जास्त. सहा आठवडे त्यांनी अण्णांना पलंगाच्या कडेला बसवलं, उभं केलं, खाली पडू दिलं नाही. पण उजवा पाय उचलायची वेळ आली की अण्णा घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, न्हाय. पाय लाकडासारखा ताठ. पडायची भीती अशी की दोन माणसांनी धरलं तरी गुडघे लटपटायचे.

एक दिवस मॅडम म्हणाल्या, "यांना पाण्यात उतरवू या."

शांतम्मांना वाटलं, तीर्थाला न्यायचं म्हणतायत. "कुटल्या नदीवर?"

"नदीवर नाही काकू, तलावात. छातीएवढ्या पाण्यात माणूस उभा राहिला की त्याचं वजन पायावर येतच नाही म्हणा ना, अगदी थोडं येतं. पाणी वरून उचलून धरतं. जो पाय जमिनीवर हलत नाही तो पाण्यात हलायला लागतो. आणि पडायची भीती जाते, कारण पाण्यात माणूस सावकाश पडतो. आम्हाला धरायला वेळ मिळतो."

"पण मार डोक्याला लागलाय की."

"डोकं पाण्याबाहेरच ठेवायचंय, काकू."

मॅडमनी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून लिहून आणलं की जखम भरली आहे, फिट आलेली नाही, पाण्यात उतरवायला हरकत नाही. मग अण्णांना विचारलं. त्यांनी त्यांच्याकडचा शब्द सांगितला.

खरी गोष्ट शांतम्मांनी मला वाटेत सांगितली. ज्या माणसानं तीस वर्षं निम्म्या गावाला पाणी सोडलं, तो स्वतः गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरला नव्हता. लहानपणी तळ्यात पाय घसरला होता, तेव्हापासून बादली आणि तांब्या यापलीकडं पाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. पाणी पाइपात असलेलंच त्यांना आवडायचं.

अक्कलकोट रोडला एक लग्नाचं लॉन आहे. तिथं निळ्या फरशीचा तलाव, तळाला रंगवलेला डॉल्फिन. हळदीच्या दिवशी नवरा-नवरीला त्यात ढकलायची नवी पद्धत निघाली आहे, त्यासाठी बांधलेला. सकाळी तो रिकामा असतो, म्हणून मॅडमनी आठवड्यातून तीन दिवस घेतला होता. तिथं त्यांचे चार पेशंट यायचे. पाणी कोमट असावं लागतं, थंड पाण्यात ताठलेले स्नायू आणखी ताठतात. इतर गावांत त्यासाठी हीटर बसवतात म्हणे. आमच्याकडं एप्रिल पुरतो.

पहिल्या दिवशी अण्णांना हाफ पँट घालावी लागली. लुंगीत पाणी भरतं, पाय अडकतो, म्हणून मॅडमनी सक्ती केली होती. रिक्षात ते टॉवेल मांडीवर घट्ट धरून बसले होते. शांतम्मा मला हळूच म्हणाल्या, "तेहतीस वर्षं संसार झाला, ह्यांचे गुडघे उजेडात आजच बघितले."

रात्रीच्या हळदीची झेंडूची फुलं पाण्यावर तरंगत होती. मॅडमनी रक्तदाब बघितला, अण्णांच्या कमरेला पट्टा बांधला, आणि त्यांना खुर्चीतून पायऱ्यांवर उतरवलं. पुढून मॅडम, मागून त्यांची सहायक बाई. घोट्यापर्यंत ठीक. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा अण्णा देवाचं नाव घेत असावेत, ओठ हलत होते. कमरेला पाणी लागलं आणि त्यांनी डाव्या हातानं मॅडमच्या गळ्यातली शिट्टीची दोरी अशी धरली की मॅडमचं तोंड लाल झालं.

"काका, दोरी सोडा. मला धरा."

"न्हाय."

"मी गेले तर तुम्हाला कोण धरणार?"

हे त्यांना पटलं. दोरी सुटली. छातीएवढ्या पाण्यात पाच मिनिटं ते नुसते उभे राहिले. मग अण्णांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. ते खाली बघत होते. त्यांचा उजवा पाय तळावरून वर आला होता. त्यांनी उचलला नव्हता, पाण्यानं उचलला होता. मॅडम म्हणाल्या, "आता तो खाली ठेवा बघू." अण्णांनी डोळे मिटले, जबडा आवळला, आणि पाय डॉल्फिनच्या शेपटीवर टेकवला. पुन्हा वर आला. पुन्हा टेकवला.

घरी येताना ते रिक्षात रडले. शांतम्मांना वाटलं दुखतंय. मी आरशात बघत होतो, दुखण्याचं रडणं वेगळं असतं.

पुढच्या चार आठवड्यांत पाण्यात आठ पावलं झाली. जमिनीवर वॉकर धरून दोन. पाण्याखाली उजवा हात पसरून आडवा फिरवायचा, पाणी ढकलायचं, हा व्यायाम त्यांना आवडायचा. शब्दही वाढले. व्हय आला, पाणी आला, शांता आला. शांतम्मांना नवऱ्यानं नावानं हाक मारायची सवय नव्हती, त्या पहिल्यांदा मागं वळून बघायला लागल्या की कोण आलं.

अडचण एकच होती. लग्नसराई. कधी सकाळीच फोटोवाले यायचे. एकदा एका जोडप्याला पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या सोडून फोटो काढायचे होते, आणि प्रत्येक फोटोत मागं हाफ पँटमधले अण्णा यायचे. फोटोवाला म्हणाला, "काकांना जरा बाजूला घेता का?" मॅडम म्हणाल्या, "काका बाजूला व्हायला वीस मिनिटं लागतील. तुम्हीच व्हा."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लॉनच्या मालकानं तलाव रिकामा केला. पाणी आधी स्वयंपाकाला, मग खोल्यांना, तलावाला उरत नव्हतं. त्याचंही खरं होतं. टँकर आधीच कुणी कुणी बोलून ठेवले होते. मॅडमचा चेहरा पडला. आत्ता महिनाभर खंड पडला तर मिळवलेलं निम्मं जाईल, असं त्या म्हणाल्या.

अण्णांनी डाव्या हातानं मला खूण केली. रिक्षा काढ. कुठं, ते बोटानं दाखवलं. चौकातली चहाची टपरी, जिथं बाकावर तीस वर्षं ते स्वतः बसायचे. आता तिथं युवराज बसला होता, चावी शेजारी टेकवलेली.

युवराज उठून उभा राहिला, पाया पडला. मी सगळं सांगितलं. तो आभाळाकडं बघू लागला तेव्हाच मला अंदाज आला.

"अण्णा, वरनंच प्रेशर न्हाय," तो म्हणाला. "आन् पिण्याचं पाणी असल्या तलावाला देता येत न्हाय, तसा नियमच हाय. बघू. फोन करा."

नियम खरा होता. पण अण्णांचा चेहरा असा झाला, जणू तो नियम ते पहिल्यांदाच ऐकत होते. रिक्षात बसताना मला हसू आवरेना. "अण्णा, शिकवलंय चांगलं तुमी त्याला." ते हसले नाहीत. दोन चौक गेल्यावर म्हणाले, "व्हय."

त्या संध्याकाळी शांतम्मांनीच ईरम्मांचं नाव काढलं. शेतात विहीर आहे, उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, विहिरीशेजारी सिमेंटचा मोठा हौद आहे. मोटर लावून तो भरायचा आणि त्यातून वांग्याला, कांद्याला पाणी सोडायचं. पाणी वाया जात नाही, पुढं पिकालाच जातं. अण्णांनी नाव ऐकलं आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मान महत्त्वाचा का पाय?" शांतम्मांनी विचारलं.

मग ते वळले.

ईरम्मा साठीच्या, काटक, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. आम्ही गेलो तेव्हा त्या वांगी तोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं, अण्णांच्या पायाकडं, लुळ्या हाताकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "सोमवार, बुधवार, शनिवार. सकाळी साडेसहा. उशीर झाला तर पाणी वांग्याला जाईल. कुणासाठी थांबणार न्हाय."

मॅडमनी हौद बघितला. लांबी बारा पावलं, खोली चार फूट, आत उतरायला दगडी पायऱ्या. शेवाळ फार होतं. मी आणि शांतम्मांनी दोन दिवस ब्रशनं तो घासला. मॅडमनी कडेनं लोखंडी पाइप बसवून घेतला, पायऱ्यांवर खरखरीत पट्ट्या लावल्या. जंतू मारायची पावडर किती टाकायची, यावर चर्चा सुरू झाली तेव्हा खुर्चीत बसलेल्या अण्णांनी हात वर केला. डाव्या हाताची बोटं दाखवत, हौदाकडं बघत, त्यांनी मोजमाप सांगितलं. मॅडमनी पट्टी बुडवून पाणी तपासलं. मोजमाप अचूक होतं. अपघातानंतर त्यांनी काही सांगण्याची आणि ते बरोबर येण्याची ती पहिली वेळ होती.

सोमवारी आम्ही सव्वासहालाच पोचलो. हौद रिकामा. ईरम्मा जोत्यावर बसून चहा पीत होत्या.

"अव्वा, पाणी?" मी विचारलं.

त्यांनी आभाळाकडं बघितलं. "वरनंच प्रेशर न्हाय."

तासभर आम्ही बसलो. मॅडम घड्याळ बघत होत्या, मला राग येत होता. अण्णा मात्र शांत बसले होते, मान खाली. साडेसातला ईरम्मा उठल्या, मोटरचं बटण दाबलं, आणि पाइपातून मनगटाएवढी धार हौदात पडू लागली. हौद भरेपर्यंत त्यांनी आम्हाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला दिली. अण्णांच्या ताटलीत भाकरीचे तुकडे मोडून ठेवले, डाव्या हातानं घेता यावेत असे.

अण्णांनी तुकडा उचलला नाही. ते काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. "चू," ते म्हणाले. थांबले. "चू... चू..." कपाळावर घाम आला. "आ... आटे..."

ईरम्मांनी पूर्ण होऊ दिलं नाही. "कळलं. सहा वर्षं कळत होतं. खा, आन् उतरा पाण्यात. मला वांगी हायती."

त्यानंतर त्यांनी कधीही आम्हाला थांबायला लावलं नाही. एक दिवसाचा हिशेब तेवढा त्यांना चुकता करायचा होता.

जून गेला, जुलै गेला. हौदात अण्णा कडेचा पाइप धरून चालायचे, मग नुसतं एक बोट टेकवून. मॅडम मुद्दाम हातानं लाटा काढायच्या, त्यांचा तोल जावा आणि त्यांनी तो सावरावा म्हणून. ईरम्मा कांद्याला पाणी देताना लक्ष ठेवायच्या आणि चुका काढायच्या. "डावीकडं कलतोय. सरळ चाल. लग्नात मिरवत होतास तसा."

ऑगस्टच्या एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, आज काही न धरता या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी, शांतम्मा, ईरम्मा कडेला उभे. अण्णा निघाले. मॅडम समोरून मागं मागं चालत होत्या. नऊ पावलं झाली. दहाव्याला उजवं पाऊल वळलं आणि अण्णा डोक्यासकट पाण्याखाली गेले. मॅडमनी क्षणात त्यांना वर घेतलं. अण्णांनी पाणी थुंकलं, श्वास घेतला, आणि ईरम्मांकडं बघून कन्नडमध्ये एक अख्खं वाक्य म्हणाले. "निन्न हौदिगे बेंकी हत्तली." म्हणजे, तुझ्या हौदाला आग लागो.

सात महिन्यांत एका दमात आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. कर्ता, क्रिया, सगळं जागेवर. घरात आईकडून शिकलेली भाषा आधी परत आली होती. शांतम्मा पदरात तोंड घालून रडू लागल्या. मॅडमना कन्नड येत नाही, त्या विचारत होत्या, काय म्हणाले, काय म्हणाले. मी म्हणालो, आभार मानले.

ईरम्मा गंभीरपणे म्हणाल्या, "आता बरा होतोय. चल, उरलेली दोन पावलं कुणी टाकायची?"

त्यांनी टाकली.

दिवाळीला अण्णा काठी घेऊन गल्लीत फिरले. उजवा पाय जरा ओढत, पण स्वतःचा स्वतः. हात मात्र पूर्ण उघडत नव्हता, आजही उघडत नाही. चावी फिरवणं संपलं. बोलतात, पण प्रत्येक शब्द विहिरीतून पोहऱ्यानं काढल्यासारखा, सावकाश. खात्यापुढं प्रश्न पडला की निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या, नीट बोलता न येणाऱ्या माणसाला काय काम द्यावं. विचारविनिमय झाला आणि त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं.

आम्ही गल्लीतले लोक पोट धरून हसलो. पण झालं भलतंच. आधी फोनवर जे बसायचे ते तक्रार अर्ध्यात तोडायचे. अण्णांना तोडता येत नाही. त्यांचा शब्द तयार होईपर्यंत समोरची बाई सगळं सांगून मोकळी झालेली असते. किती दिवस पाणी नाही, घरात म्हातारं कोण आहे, सून कशी वागते. अण्णा ऐकतात आणि डाव्या हातानं वहीत लिहितात. कुठल्या बोळाचं पाणी कुठं अडतं, हे तर त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, त्यातलं निम्मं त्यांनीच अडवलेलं होतं. लोक म्हणू लागले, नवा माणूस फार समजूतदार दिसतो. फोन वाढले. वरच्या साहेबांनी याचा अर्थ तक्रारी वाढल्या असा काढला आणि अण्णांना नोटीस दिली. मग कुणीतरी साहेबांना समजावलं, नोटीस मागं आली. अण्णांनी दोन्ही कागद जपून ठेवले आहेत.

मॅडमनी आता ईरम्मांच्या हौदावर पत्र्याचं छप्पर घातलंय. आठवड्यातून पाच दिवस पेशंट येतात. ईरम्मा प्रत्येकाला वेळ देतात आणि उशीर झाला तर वांग्यांचं नाव सांगतात. अण्णा शनिवारी मदतीला जातात.

गेल्या शनिवारी अक्कलकोटचे एक निवृत्त मास्तर आले होते. झटका येऊन डावी बाजू गेलेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थिजले. मॅडमनी समजावलं, मुलीनं समजावलं, मास्तर हलेनात. अण्णा आधीच छातीएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी मास्तरांचा हात धरला आणि पाणी माणसाला कसं उचलून धरतं, हे समजावून सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य चार मिनिटं चाललं. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर मास्तरांनी घड्याळाकडं बघितलं, मुलीकडं बघितलं, आणि अजून किती उरलंय याचा अंदाज घेऊन दुसऱ्या पायरीवर पाय टाकला. मग तिसऱ्या.

अण्णा बोलतच होते.